पेणच्या बाजारातील वनौषधी: माल अस्सल, पण पारखून घ्यावा

पेणच्या बाजारपेठेत कातकरी समाजातील एक मावशी रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून रानातील औषधी माल विकतात. कुड्याची साल, इंद्रजव, मुरुडशेंग, वावडिंग, बाळहिरडे, सुकवलेल्या बेलफळाच्या चकत्या, असा त्यांचा बहुतेक माल पोटाच्या तक्रारींवरचाच असतो.

त्यातही घेण्याजोगी वस्तू म्हणजे कुड्याची साल. आव पडत असल्यास तिचा काढा घेण्याची रीत आदिवासी पाड्यांवर आहे. आयुर्वेदातील कुटजारिष्टाचा मुख्य घटकही हीच साल, आणि आमांशाच्या अमीबावर परिणाम करणारे कोनेसिन हे द्रव्य तिच्यातच असते. अडचण अशी, की पांढऱ्या कुड्याच्या नावाखाली काळ्या कुड्याची साल खपवली जाते आणि एकदा चूर्ण झाले, की ओळखायला काही उरत नाही. शहरातल्या एका दुकानातून मी आणलेल्या चूर्णाला कडवटपणा जवळजवळ नव्हताच. मावशींनी मात्र विचारताच दोन्ही झाडांच्या शेंगा पुढे ठेवल्या. पांढऱ्याच्या जोडशेंगा टोकाशी सुट्या, काळ्याच्या टोकाशी जुळलेल्या. बी चावले तर पांढऱ्याचे कडूजहर, काळ्याचे गोडसर. इतकी पारख गिऱ्हाइकाच्या हाती देणारा विक्रेता विरळाच.

मुरुडशेंग बाळगुटीत सहाणेवर उगाळून देतात, म्हणून ती निवडताना हयगय नको. चांगली शेंग कडक असते आणि सहज मोडते. इथल्या काही शेंगा ओलसर होत्या आणि पिळांच्या खाचेत बुरशीची पांढरी रेघ दिसत होती. दाखवल्यावर मावशींनी त्या बदलून दिल्या, पण माल प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवला, की असे होणारच.

मालावर नावाची वा तारखेची चिठ्ठी नसते आणि वजन मुठीच्या अंदाजाने होते. तरीही इतक्या स्वस्त मालासाठी घासाघीस करणाऱ्यांचे मला नवल वाटते. शौचातून रक्त जात असेल, ताप असेल किंवा जुलाबांनी लहान मूल मलूल झाले असेल, तर मात्र काढ्याच्या नादी न लागता जलसंजीवनी सुरू करून तडक डॉक्टरांकडे जावे.

साल अखंडच घ्यावी. ती मिक्सरमध्ये नीट बारीक होत नाही, तेव्हा घरात खलबत्ता असलेला बरा.