एम३: जुनी ई४६ की नवी जी८०?

न्यू जर्सीतला भाचा विचारतोय, "मामा, बीएमडब्ल्यूत पूर्वीची मजा उरली नाही म्हणतात. मग जुनी एम३ शोधू की नवी घेऊ?"

ई४६ आणि जी८० ही बीएमडब्ल्यूच्या एम३ या वेगवान गाडीच्या जुन्या आणि नव्या पिढीची सांकेतिक नावं. वेगात नवी सरळ पुढे. दोन टर्बो, ३ लिटर, मॅन्युअलमध्येही ४७३ अश्वशक्ती; ई४६ची ३३३. पण ई४६चं इंजिन टर्बोशिवाय ८,००० आरपीएमपर्यंत चढतं आणि त्या चढण्यातच सगळी गंमत आहे. शिवाय ती हलकी, रस्ता स्टिअरिंगमधून हाताला कळतो. जी८० जड आहे, स्टिअरिंगही इलेक्ट्रिक. (तिच्या पुढच्या जाळीच्या मोठ्या नाकपुड्यांबद्दल न बोललेलं बरं.)

खर्चात मात्र ई४६ फसवी. मागच्या सबफ्रेमपाशी (मागची चाकं धरणाऱ्या चौकटीपाशी) तळाच्या पत्र्याला तडे जातात, व्हॅनोस (इंजिनच्या व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा) कुरकुरतं, कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंग बदलाव्या लागतात. या कामांच्या पावत्या नसतील तर गाडी कितीही चकचकीत असो, सोडून दे. नवीला वॉरंटी असते.

शौकिनांना कंपनीने अगदीच वाऱ्यावर सोडलंय असं मला वाटत नाही. जी८०त क्लच, म्हणजे मॅन्युअल गिअर, मिळतो, पण फक्त बेस मॉडेलमध्ये.

रोज ऑफिसला न्यायची, मुलांना बसवायचं, तर चार दारांची जी८० मॅन्युअल. दुसरी गाडी दारात असेल आणि चांगला मेकॅनिक ओळखीचा असेल, तरच ई४६.