टाइमलाइनजेएस: स्थळाच्या इतिहासाची कालरेषा शिकवताना त्याचा उपयोग कितपत होतो?

एखाद्या गावाचा, शहराचा किंवा वास्तूचा इतिहास विद्यार्थ्यांकडून कालरेषेवर मांडून घ्यायचा असेल आणि ती कालरेषा संगणकावर करायची असेल, तर टाइमलाइनजेएस हे नाव लवकरच समोर येते. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नाइट लॅबने तयार केलेले हे मुक्त-स्रोत साधन विनामूल्य वापरता येते आणि त्यासाठी संगणकाची कोणतीही भाषा शिकावी लागत नाही. गूगल शीट्समधील तयार तक्ता उघडायचा, एकेका ओळीत एकेक घटना भरायची, तो तक्ता वेबवर प्रकाशित करायचा आणि त्याचा दुवा साधनाच्या पानावर चिकटवायचा, की वर चित्र व मजकूर आणि खाली काळाची सरकती पट्टी अशी देखणी मांडणी तयार होते. शालेय आणि महाविद्यालयीन इतिहासाच्या अध्यापनासाठी त्याचा विचार केल्यावर माझे मत असे झाले आहे की अभ्यास पूर्ण झाल्यानंतर तो मांडण्यासाठी हे साधन उत्तम आहे. परंतु अभ्यासाची सुरुवातच त्यावर केली, तर विद्यार्थी तारखा भरायला शिकतात आणि काळाविषयी विचार करायचे राहून जाते.

हे नेमके कसे होते, ते इस्तंबूलसारख्या दीर्घ इतिहास असलेल्या शहराच्या उदाहरणातून चांगले दिसते. विद्यार्थी साधारणपणे इ. स. ३३० मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने राजधानी म्हणून केलेले नगराचे उद्घाटन, ५३७ मध्ये पूर्ण झालेली हागिया सोफिया, १२०४ मधील धर्मयोद्ध्यांची लूट, १४५३ मधील उस्मानी विजय आणि १९२३ मध्ये अंकाराकडे गेलेली राजधानी अशा ओळी भरतात. साधन या प्रत्येक ओळीची सारख्याच आकाराची स्लाइड बनवते, आणि बाण दाबत पुढे जाणाऱ्याला एका स्लाइडवरून दुसरीवर जाताना मध्ये सतरा वर्षे गेली की सातशे, हे जाणवत नाही. खालच्या पट्टीवर अंतरे प्रमाणात असतात हे खरे; पण पाहणाऱ्याचे लक्ष वरच्या मोठ्या चित्राकडे असते, आणि पट्टी लहान-मोठी करून पाहता येत असल्यामुळे एक प्रमाण डोळ्यांत ठसत नाही.

म्हणूनच संगणकाला हात लावण्यापूर्वी कागदाची लांब पट्टी भिंतीवर लावावी, असा माझा आग्रह आहे. एक सेंटिमीटर म्हणजे दहा वर्षे असे प्रमाण धरले, तर आठ हजार वर्षांसाठी आठ मीटर कागद लागतो. इस्तंबूलच्या बाबतीत हा आकडा अतिशयोक्त नाही, कारण मार्माराय या समुद्राखालून जाणाऱ्या रेल्वेमार्गाच्या कामात येनीकापी येथे २००४ पासून जे उत्खनन झाले, त्यात बायझंटाइन बंदर आणि सदतीस जहाजांचे अवशेष तर मिळालेच, शिवाय त्यांच्या खाली सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या नवाश्मयुगीन वस्तीच्या खुणाही मिळाल्या. परंपरेने सांगितली जाणारी ग्रीक वसाहतीची स्थापना इ. स. पूर्व सातव्या शतकातली आहे. ती पट्टीवर नोंदवली की तिच्या आधीचा पाच मीटरहून अधिक कागद जवळजवळ कोरा राहतो, १४५३ पासून आजपर्यंतचा सगळा काळ सत्तावन्न-अठ्ठावन्न सेंटिमीटरांत बसतो आणि प्रजासत्ताकाचा काळ वीतभरही भरत नाही. या कोऱ्या कागदाचा अर्थ काय, तिथे काही घडलेच नाही की आपल्यापर्यंत काही पोहोचले नाही, हा प्रश्न विद्यार्थी मग आपणहून विचारू लागतात. स्लाइडच्या मालिकेत कोरी जागा दिसतच नाही, त्यामुळे हा प्रश्नही तिथे उद्भवत नाही.

आता तक्त्याकडे वळू, कारण साधनाची खरी गुणवत्ता तिथेच आहे. वर्ष, महिना आणि दिवस यांचे रकाने वेगवेगळे असल्यामुळे केवळ वर्ष ठाऊक असेल तर तेवढेच भरता येते. नसलेली अचूकता दाखवण्याची सक्ती होत नाही. इ. स. पूर्वीची वर्षे ऋण अंकांत लिहिता येतात. समाप्तीच्या वर्षाचा रकाना हा माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे, आणि विद्यार्थी तोच सर्वांत जास्त दुर्लक्षित ठेवतात. हागिया सोफिया ५३७ मध्ये बांधून झाली, ही एका बिंदूची माहिती झाली. परंतु ती १४५३ पर्यंत चर्च होती, त्यानंतर विसाव्या शतकापर्यंत मशीद होती, १९३५ पासून संग्रहालय होती आणि २०२० मध्ये पुन्हा मशीद झाली, असे चार कालखंड आडव्या पट्ट्यांनी दाखवले की वास्तूचे आयुष्य दिसू लागते. पहिल्या पट्टीच्या पोटात ५५८ मध्ये कोसळलेला घुमट येतो आणि १२०४ ते १२६१ या काळातले लॅटिन चर्चही येते. गटाच्या रकान्यात सत्ता, वास्तू आणि नैसर्गिक आपत्ती अशी नावे दिल्यास घटना वेगवेगळ्या ओळींत लागतात आणि १५०९ व १७६६ च्या भूकंपांचा बांधकामांशी काही संबंध आहे का, हे शोधण्याची वाट मोकळी होते. माझ्या मते स्थळाच्या इतिहासात आपत्ती, पाणी, रस्ते आणि लोकवस्ती यांना राजांइतकीच जागा मिळाली पाहिजे, आणि गट आधी ठरवून दिले तरच ती मिळते.

अनिश्चितता दाखवण्याच्या बाबतीत मात्र हे साधन अपुरे पडते, आणि माझा मुख्य आक्षेप हाच आहे. जोसेफ प्रीस्टली या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १७६५ मध्ये सुमारे दोन हजार प्रसिद्ध व्यक्तींची आयुष्ये एका तक्त्यावर रेषांनी मांडली, तेव्हा जिथे जन्माचे किंवा मृत्यूचे साल निश्चित नव्हते तिथे त्याने अखंड रेषेऐवजी ठिपके वापरले. अडीचशे वर्षांपूर्वी कागदावर जमलेली ही साधी सोय टाइमलाइनजेएसच्या पट्टीवर नाही. अंदाजाने दिलेले साल आणि कागदपत्रांनी सिद्ध झालेले साल तिथे सारख्याच ठामपणे उमटते. पाँपेईचे उदाहरण पाहावे. व्हेसुव्हियसचा उद्रेक इ. स. ७९ च्या २४ ऑगस्टला झाला, असे दीर्घकाळ शिकवले गेले. परंतु २०१८ मध्ये तिथल्या एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबरच्या दिवसाची नोंद मिळाली आणि उद्रेक शरद ऋतूत झाला असावा या मताला बळ मिळाले. विद्यार्थ्याने महिन्याच्या आणि दिवसाच्या रकान्यांत आकडे भरून टाकले, तर हा सगळा वाद दोन अंकांखाली झाकला जातो.

यावर एक उपाय साधनातच आहे. पडद्यावर दिसणाऱ्या तारखेसाठी तक्त्यात स्वतंत्र रकाना दिलेला असून त्यात अंकांऐवजी शब्द लिहिता येतात. ‘सुमारे’, ‘परंपरेनुसार’, ‘बहुधा शरद ऋतूत’ असे शब्द त्या रकान्यात आलेच पाहिजेत, असा नियम वर्गात केल्यास प्रत्येक तारखेच्या वेळी विद्यार्थ्याला थांबून विचार करावा लागतो. कालगणना बदललेल्या स्थळांसाठीही हाच रकाना कामी येतो. तुर्कस्तानने १९२६ मध्ये ग्रेगोरियन वर्षगणना स्वीकारली. त्यापूर्वीच्या दस्तऐवजावरचे साल रूपांतरित करून लिहिले असेल, तर मूळ सालही शेजारी दिसले पाहिजे.

पुराव्यासाठी मात्र रकानाच नाही. चित्राचे श्रेय लिहिण्याची सोय आहे, पण अमुक घटना अमुक साली घडली हे कशावरून, हे विचारणारा रकाना दिलेला नाही. इतिहासाच्या वर्गासाठी बनवलेल्या साधनात ही उणीव मी अक्षम्य मानली असती. हे साधन बातमीदारीच्या गरजांतून आलेले असल्यामुळे ती समजण्यासारखी आहे. शिक्षकाने प्रत्येक मजकुराच्या शेवटी आधार लिहिण्याची सक्ती करावी: शिलालेख, नाणे, नकाशा, जनगणना, वृत्तपत्र, मुलाखत, जे असेल ते. आधार सापडला नाही तर ती घटना कालरेषेवर येणार नाही, एवढे स्पष्ट सांगितले की ऐकीव माहितीची गर्दी आपोआप कमी होते.

कालरेषा वीस स्लाइडपेक्षा मोठी करू नये, असे निर्मात्यांनीच सुचवले आहे. ही मर्यादा वाचकाचा कंटाळा टाळण्यासाठी असली तरी अध्यापनात तिचे मोल फार मोठे आहे. चाळीस घटना गोळा करून त्यांतल्या वीस गाळायला लावल्या की कोणती घटना महत्त्वाची, कोणासाठी महत्त्वाची आणि का, यावर गटात खरी चर्चा होते. गाळलेल्या घटनांची यादी कारणांसह वहीत लिहून घ्यावी आणि गुण देताना तीही तपासावी. मला ही यादी अनेकदा अंतिम कालरेषेपेक्षा अधिक बोलकी वाटते.

तांत्रिक बाबी थोडक्यात सांगतो. तक्त्याच्या शीर्षकांची नावे बदलू नयेत आणि मध्ये रिकामी ओळ सोडू नये. चित्रे साधनात साठवली जात नाहीत, त्यांचे दुवे द्यावे लागतात. म्हणून मूळ चित्र हलवले गेले की स्लाइड रिकामी दिसते. तक्ता सार्वजनिक करावा लागत असल्याने त्यात विद्यार्थ्यांची पूर्ण नावे किंवा छायाचित्रे मुळीच नसावीत. इंटरनेट अधूनमधून जात असेल अशा ठिकाणी या साधनावर तासिका आखू नये. काळापेक्षा जागेवर भर द्यायचा असेल, तर त्याच संस्थेचे स्टोरीमॅपजेएस अधिक योग्य ठरते, आणि एकाच ठिकाणची जुनी व नवी छायाचित्रे शेजारी ठेवून पाहण्यासाठी जक्स्टापोजजेएस आहे.

मूळ तक्ता विद्यार्थ्याच्या वैयक्तिक खात्यात न ठेवता शाळेच्या खात्यात ठेवावा, हे मी आवर्जून सुचवेन. खाते बंद झाले की कालरेषाही नाहीशी होते. उलट तक्ता शाळेकडे राहिला तर पुढच्या वर्षीच्या वर्गाला कोऱ्या पानापासून सुरुवात करावी लागत नाही. आधीच्या वर्गाने दिलेले आधार तपासणे, चुकीची साले दुरुस्त करणे आणि एखादी घटना काढून तिच्या जागी अधिक योग्य घटना घालणे, हे काम नवी कालरेषा करण्याइतकेच शिकवणारे आहे, आणि त्यासाठी तक्त्याच्या स्वरूपातले हे साधन स्लाइडच्या सादरीकरणापेक्षा किंवा भित्तीपत्रकापेक्षा निश्चितच सोयीचे आहे.