हातात मावणारे डॉपलर: प्रसूतिगृहातील तीन वर्षांचा अनुभव

आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूतिगृहात पूर्वी बाळाचे ठोके पिनार्डच्या नळीने, म्हणजे पोटावर टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावायच्या नळीने, ऐकले जात. गेली तीन वर्षे मी बॅटरीवर चालणारे छोटे डॉपलर, म्हणजे ध्वनिलहरींच्या मदतीने बाळाचे ठोके ऐकवणारे यंत्र, वापरत आहे आणि ते प्रत्येक प्रसूतिगृहात असावे, असे परिचारिका म्हणून माझे ठाम मत झाले आहे.

कळ आली की गर्भाशय आवळते, वारेचा रक्तपुरवठा थोडा वेळ कमी होतो आणि जे बाळ आधीच थकलेले असते त्याचे ठोके कळ ओसरल्यावरही लवकर वर येत नाहीत. म्हणून कळ चालू असतानाच ऐकायला सुरुवात करून ती संपल्यावरही निदान अर्धा मिनिट ऐकत राहावे लागते. नळीने हे साधणे कठीण जाई, कारण कळा सोसणारी बाई स्थिर पडून राहू शकत नाही. डॉपलरचा प्रोब, म्हणजे पोटावर टेकवायचा भाग, ती कुशीवर असो वा उभी, कसाही टेकवता येतो. शिवाय ठोके तिलाही ऐकू येतात, आणि त्या आवाजाने पहिलटकरणीचा चेहरा किती निवळतो हे मी अनेकदा पाहिले आहे.

पडद्यावरच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. एका रात्री तिथे ८८ दिसले आणि माझ्या पोटात गोळा आला. आईच्या मनगटावर बोटे ठेवली, तर तिची नाडीही ८८च होती. यंत्र बाळाचे नव्हे, आईचे ठोके मोजत होते. प्रोब बाळाच्या पाठीच्या बाजूला सरकवल्यावर १४२ ठोके मिळाले, म्हणजे ११० ते १६० या नेहमीच्या मर्यादेत. तेव्हापासून मी एक हात आईच्या नाडीवर ठेवते आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिट स्वतः मोजते.

पोटाला पट्टे बांधून सतत आलेख काढणारे सीटीजी यापेक्षा चांगले नाही का, असे नातेवाईक विचारतात. ३७,००० हून अधिक स्त्रियांवरील चाचण्यांच्या कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात सतत सीटीजीमुळे नवजात बाळांना झटके येण्याचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले, ही मोठीच गोष्ट आहे. परंतु बाळांच्या मृत्यूंत किंवा सेरेब्रल पाल्सीत (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर होणाऱ्या कायमच्या परिणामात) फरक आढळला नाही आणि सिझेरियन मात्र वाढले. निरोगी, जोखीम नसलेल्या बाईसाठी जागतिक आरोग्य संघटनाही ठरावीक वेळाने ठोके ऐकण्याचीच शिफारस करते. रक्तदाब वाढलेला असेल किंवा पाण्यात बाळाची शी दिसली असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे सीटीजी हवेच.

खरी अडचण मनुष्यबळाची आहे. कळांचा जोर वाढल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी आणि जोर करण्याच्या टप्प्यात दर ५ मिनिटांनी ऐकायचे असते. तीन बाया आणि एकच सिस्टर असेल, तर कितीही चांगले यंत्र ट्रेमध्येच पडून राहते. बाकी तक्रार एवढीच की प्रोबची तार जोडापाशी लवकर तुटते, म्हणून घेताना जादा प्रोब अवश्य मागावा.

घरी वापरण्यासाठी हे यंत्र कोणीही घेऊ नये. आईचीच नाडी बाळाची समजून धीर धरला जातो आणि वेळ निघून जाते. बाळाची हालचाल कमी वाटली, तर त्याच वेळी रुग्णालय गाठावे.