आबाजींच्या दुनळीची खरी जन्मपत्रिका : नागपूरच्या बंदूक-मिस्त्रींचा अनुभव

लाखांदूर तालुक्यातल्या आमच्या गावात मालगुजारी (जमीनदारी) १९५१ साली गेली, दुनळी म्हणजे दोन नळ्यांची बंदूक मात्र घरात राहिली. पणजोबांची, मग आबाजींची, मग बाबूजींची. धान पोटरीवर आलं की बांध्यांत रानडुकरं उतरायची आणि बाबूजी पाळीवर उभे राहून हवेत बार काढायचे. नळ्यांमधल्या पट्टीवर इंग्रजीत 'डब्ल्यू. रिचर्ड्स' कोरलेलं आहे. घरात सगळे सांगायचे की ही वेस्टली रिचर्ड्स या इंग्लिश कंपनीची खास विलायती बंदूक, व्हाइसरॉय रिपनसाहेबाच्या काळात एका गोऱ्या साहेबानं वाघाच्या शिकारीनंतर पणजोबांना भेट दिलेली. मीही चाळीस वर्षं हेच सांगत आलो.

बाबूजी गेल्यावर परवाना माझ्या नावावर करायची वेळ आली आणि नंबर जुळेना. परवान्यात 'डीबीबीएल (म्हणजे मागून भरायची दुनळी), १२ बोर, नंबर १८४' असं लिहिलेलं, आणि बंदुकीवर तो नंबर सापडत नव्हता. एका दुसऱ्या शहरातल्या दुकानदारानं दहा मिनिटं पाहून "असली विलायती आहे" असं सांगितलं आणि नळ्या नव्यानं काळ्या करून देण्याचे आठ हजार मागितले. मी देणारच होतो. साकोलीच्या मावसभावानं थांबवलं आणि नागपूरच्या या मिस्त्रींकडे पाठवलं. फौजेत आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे होते, आता एका परवानाधारक दुकानात बसतात. नाव-पत्ता लिहीत नाही, त्यांनीच तशी विनंती केली. दुकानात लोकांची हत्यारं ठेवलेली असतात, म्हणून मला ते बरोबर वाटलं.

त्यांनी आधी परवाना पाहिला, वहीत नोंद केली, मग बंदूक बिजागरीतून उघडून काडतुसांच्या दोन्ही घरांत बोट घालून रिकामी असल्याची खात्री केली. पुढचं लाकूड काढलं, नळ्या वेगळ्या केल्या, आकड्याला सुतळीनं टांगल्या आणि लाकडी मुठीनं हलकेच ठोकल्या. देवळातल्या घंटेसारखा लांब नाद निघाला. "पट्टीचा डाग, म्हणजे जोड, कुठं सुटला असता तर बद्द आवाज आला असता जी," म्हणाले.

मग रॉकेलच्या फडक्यानं नळ्यांची खालची चपटी बाजू पुसली, भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तुम्हीच वाचा." तिथे भाताच्या दाण्याएवढा एक लंबगोल, त्यात ई एल जी ही अक्षरं, खाली चांदणी आणि वर मुकुट. ही लिएजची, म्हणजे बेल्जियममधल्या बंदूक-तपासणी घराची मोहर. इंग्लंडमध्ये बनलेल्या बंदुकीवर लंडन किंवा बर्मिंगहॅमची मोहर लागतेच, १८६८च्या कायद्यानं ती सक्तीची होती. आमच्या बंदुकीवर त्यातली एकही नाही. आणि लिएजच्या लंबगोलावर मुकुट आला तो १८९३ साली. रिपन तर १८८४ला परत गेले होते. वेस्टली रिचर्ड्सच्या नावाजवळ जाणारी 'डब्ल्यू. रिचर्ड्स'सारखी नावं घालून बेल्जियममध्ये भरपूर बंदुका बनत, हेही त्यांनीच सांगितलं. मी गप्प बसलो. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

पण नंबरचं कोडं तिथंच सुटलं. मोहरेच्या बाजूला १८.४ असा आकडा आहे. तो नळीच्या आतल्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. कुण्या कारकुनानं मधला ठिपका सोडून तोच बंदुकीचा नंबर म्हणून चढवला आणि पुढं प्रत्येक नूतनीकरणात १८४च उतरत गेला. खरा नंबर चार आकडी आहे. नळ्यांखालच्या हुकावर, मधल्या लोखंडी भागावर आणि पुढच्या लाकडाच्या पत्रीवर तिन्हीकडे एकच. म्हणजे तिन्ही भाग जन्मापासून एकमेकांचे.

नळ्या डमास्कस. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, तापवून ठोकून एकजीव केलेल्या. स्वस्त बंदुकांवर ही नक्षी नुसती रंगवलेलीही असायची. म्हणून त्यांनी लाकडाखाली झाकलेल्या जागी पाहिलं, नक्षी तिथंही तशीच वळत गेलेली. मी नळ्या काळ्या करून घेतल्या असत्या तर ही नक्षी रंगाखाली बुडाली असती. मागचा दस्ता अक्रोडाचा, मूळचा. पुढचं लाकूड मात्र सागाचं. पत्री जुनीच ठेवून कुणी गावाकडच्या सुतारानं बसवलेलं, पकडीसाठी कोरलेल्या चौकटींच्या रेघा जाड आणि वाकड्या. मिस्त्रींच्या लेखी अहवालात ते स्पष्ट लिहिलंय : 'मूळ नाही.'

सगळ्यात मोठी गोष्ट पुढं आली. नळ्यांवर बिनधुराच्या, म्हणजे आजच्या काडतुसांतल्या दारूच्या चाचणीची मोहर नाही, फक्त काळ्या दारूची आहे. काडतुसाचं घर ६५ मिलिमीटरचं आणि आजची बरीच काडतुसं ७०ची. डाव्या नळीची जाडी एका जागी अर्ध्या मिलिमीटरवर आलेली. बाबूजींनी तीस वर्षं याच बंदुकीत खडकीच्या कारखान्याची 'शक्तिमान' काडतुसं घातली, आणि मी लहानपणी त्यांच्या डाव्या बाजूला कंदील धरून उभा राहायचो. मिस्त्रींनी मोजमाप माझ्यासमोर दोनदा घेतलं आणि म्हणाले, "आता हिच्यातून एकही बार नाही." मी हात जोडले.

फी साडेतीन हजार, पावतीसह. तक्रारी दोन. पंधरा दिवस सांगून अहवाल अडीच महिन्यांनी आला, आणि मोहरांचे फोटो इतके पुसट की कचेरीत दाखवायला मला पुन्हा काढावे लागले. किंमत ते सांगत नाहीत, विचारलं तरी नाही. मला ते आवडलं. विकत घेण्यावर डोळा असणारा माणूस आधी किंमतच बोलतो. अहवाल जोडून नंबर दुरुस्तीचा अर्ज दिला आणि काम झालं.

गावाकडं बरेच जण समजतात की बंदूक जुनी म्हणजे परवाना नको. मिस्त्रींनी हत्यार कायद्याचं ४५वं कलम वाचून दाखवलं. दुरुस्त करूनही जी चालूच शकत नाही अशाच पुरातन हत्याराला सूट आहे. आमची चालू शकते, म्हणून परवाना लागतोच. ज्यांच्या घरी आजोबांची भरमार (तोंडातून दारू भरायची बंदूक) किंवा दुनळी पडून आहे त्यांनी, विकायची नसली तरी, एकदा अशा माणसाला दाखवावीच. आणि त्याआधी कुणालाही घासू-रंगवू देऊ नये.

घरी येऊन आईला सांगितलं. ती थोडा वेळ बंदुकीकडं पाहत राहिली. "म्हणजे सायबानं नाही देल्ली थे?" मी निघताना मिस्त्रींनी जुन्या वह्या शोधायला सांगितलं होतं. धानाच्या कोठीवरच्या ट्रंकेत पणजोबांच्या हिशेबाच्या तीन वह्या निघाल्या, सगळ्या मोडीत. पवनीच्या एका निवृत्त गुरुजींनी एक पान लावून दिलं : 'कलकत्त्याहून दुनळी', आणि पुढं रेल्वेभाडं. सालाच्या जागी वाळवीचं भोक आहे. दुसरी वही ते दिवाळीनंतर वाचून देणार आहेत.