साखर कारखान्याच्या ईटीपीवरचा यूव्ही सीओडी प्रोब: एका गाळप हंगामानंतर

मांजरा खोऱ्यात कारखान्याच्या ईटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात) प्रक्रिया केलेलं पाणी ज्या ओढ्यांत जातं, त्यांना संक्रांतीनंतर स्वतःचं पाणी फारसं उरत नाही. खालच्या अंगाला जनावरं पितात ते बरंचसं आउटलेटचंच. त्यामुळे प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रातल्या मर्यादांवर नजर ठेवणारं यंत्र किती विश्वासाचं, हे बारकाईने बघायलाच हवं. यूव्ही (अतिनील) प्रकाशावर चालणारा सीओडी प्रोब (सीओडी म्हणजे पाण्यातली घाण ऑक्सिडाइज व्हायला लागणारा ऑक्सिजन, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये), पीएच, टीएसएस (तरंगते घन कण) आणि फ्लो (प्रवाह) असा संच हंगामभर चालवल्यावर मत असं: पाण्यातला अचानक बदल हा प्रोब झटकन दाखवतो, पण साखर त्याला दिसत नाही.

मुळात तो सीओडी मोजत नाही. 254 नॅनोमीटरचा प्रकाश पाण्यात किती शोषला गेला ते बघून सीओडीचा अंदाज काढतो. मळीतली रंगद्रव्यं हा प्रकाश भरपूर शोषतात, म्हणून मळीची गळती लगेच कळते. साखर जवळपास काहीच शोषत नाही. ईटीपीवर ताण आला की तयार होणारं ॲसेटिक आम्लही तसंच निसटतं. लिटरमागे 100 मिलिग्रॅम साखर म्हणजे सीओडी सुमारे 112 ने जास्त. स्क्रीनवर 150 दिसत असताना प्रत्यक्षात 260 च्या पुढे, म्हणजे नदीनाल्यासाठीच्या 250 या सर्वसाधारण मर्यादेच्या वर.

यावर जुनाच उपाय चालतो. दर पाळीला कंडेन्सेट (रस आटवताना निघालेल्या वाफेचं पाणी) आणि ईटीपी इनलेटची अल्फा नॅप्थॉल टेस्ट: परीक्षानळीत 2 मिली नमुना, 4-5 थेंब अल्फा नॅप्थॉल, मग नळी तिरपी धरून कडेने तीव्र सल्फ्युरिक ॲसिड हळूच सोडायचं. जांभळी कडी आली की साखर उतरतेय; पॅन आणि इव्हॅपोरेटर या रस आटवायच्या भांड्यांकडे धावायचं.

पुरवठादार थॅलेट या प्रमाणित रसायनाच्या द्रावणावर कॅलिब्रेशन करून देतो. त्यातून यंत्र चालू आहे एवढंच कळतं. आपल्या पाण्यासाठी प्रोबला लागूनच, त्याच मिनिटाला नमुने घेऊन डायक्रोमेट पद्धतीने (150 अंश, 2 तास) सीओडी काढावा आणि प्रोबचं रीडिंग आणि लॅबचा आकडा अशा 10-12 जोड्यांवरून कॅलिब्रेशन बसवावं. सगळ्या जोड्या 80-100 च्या घरातल्या असतील तर वरच्या आकड्यांना काही अर्थ राहत नाही; हंगामाची सुरुवात आणि साफसफाईचे दिवस त्यात हवेतच. बोअरच्या पाण्यात क्लोराइड जास्त असतं. त्याला बांधून ठेवणारं मर्क्युरिक सल्फेट (पाऱ्याचं संयुग) कमी पडलं तर लॅबचाच आकडा फुगतो. ते पाऱ्याचं सांडपाणी वेगळ्या कॅनमध्ये, ईटीपीत मुळीच नाही.

इथल्या जड पाण्याने काचेवर क्षार बसतात आणि रीडिंग दिवसागणिक हळूहळू वर सरकतं. प्रोबची काच पुसणारा वायपर शेवाळ काढतो, क्षार नाही. आठवड्याला 2-3 टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड, मऊ कापड आणि भरपूर साधं पाणी.

सगळ्यात दुर्लक्षित भाग फ्लोचा. पाण्याची पातळी बघून फ्लो काढायच्या 90 अंशाच्या व्ही-नॉचवर (व्ही आकाराची खाच असलेला बांध) 10 सेंटीमीटर पातळीला ताशी सुमारे 15.7 घनमीटर पाणी जातं, 11 ला जवळपास 20. एका सेंटीमीटरला पाव हिस्सा फरक! ही पातळी ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून मोजणाऱ्या अल्ट्रासोनिक सेन्सरचं अंग मार्च-एप्रिलच्या उन्हात तापतं, त्याला हवाही तितकीच गरम वाटते, अंतर जास्त धरलं जातं आणि फ्लो कमी दिसतो. वर पत्र्याची सावली, खाली हवा खेळती, हे बसवतानाच करून घ्या. फेस साचला तर प्रतिध्वनी परतत नाही; नॉचच्या अलीकडे फेस अडवणारी फळी लागते. पातळी नॉचपासून कमाल पातळीच्या किमान 3-4 पट अंतर मागे मोजावी.

पीएचची तक्रार नाही. 4, 7, 10 बफरवर दर आठवड्याला तपासणी. स्लोप (इलेक्ट्रोडचा प्रतिसाद) 85 टक्क्यांखाली गेला की इलेक्ट्रोड बदला. कॉस्टिकने इव्हॅपोरेटर धुतात त्या दिवशी पीएच उसळतो, तेव्हा ते पाणी आधी इक्वलायझेशन टाकीत (पाणी एकसारखं करणाऱ्या टाकीत) थांबवा.

गाळप संपल्यावर प्रोब चॅनेलमध्ये तसाच ठेवू नका. सुकलेला थर नंतर ॲसिडलाही दाद देत नाही. धुऊन, पुसून सावलीत ठेवा, आणि पीएच इलेक्ट्रोडच्या टोपणात 3 मोलर पोटॅशियम क्लोराइड भरा.