घसा दुखतोय: पॅरासिटामॉल द्यावं की आयब्युप्रोफेन?

रात्री साडेदहाला मुलगी म्हणते, "बाबा, थुंकी गिळतानाही दुखतंय." दवाखाना बंद झालेला असतो, खालचं मेडिकल उघडं असतं आणि तिथे ही दोन्ही पातळ औषधं मिळतात. ऐरोलीच्या आमच्या घरात दोन्ही वापरून झाली आहेत. मुलगी सहा वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा.

आयब्युप्रोफेनची बाजू आधी सांगतो, कारण ती भक्कम आहे. दुखण्याबरोबर ते सूजही उतरवतं आणि सहा ते आठ तास टिकतं; पॅरासिटामॉल चार ते सहा तास. मुलीचे टॉन्सिल सुजले होते त्या रात्री आयब्युप्रोफेन दिल्यावर ती पहाटेपर्यंत शांत झोपली. सगळ्याच मुलांना इतका फरक पडेल असं मी म्हणणार नाही.

माझं अडलं ते जेवणापाशी. हे औषध काहीतरी खाऊ घालून द्यायचं, नाहीतर पोटाला त्रास होऊ शकतो. आणि घसा दुखणारं मूल नेमकं खातच नाही! मऊ भात कालवला, नको. पेज केली, नको. प्रत्येक घासाला डोळ्यांत पाणी. दुखणं थांबावं म्हणून औषध, औषधासाठी जेवण आणि जेवायला गेलं की दुखणं. शेवटी अर्धा पेला दूध पाजून औषध दिलं, तर पाच मिनिटांत सगळं उलटलं. किती पोटात राहिलं कळेना, पुन्हा द्यावं का तेही कळेना. शिवाय पाणी कमी पिणाऱ्या किंवा उलट्या होणाऱ्या मुलाच्या किडनीवर या औषधाचा ताण येऊ शकतो, हे डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी समजावलं. पॅरासिटामॉल रिकाम्या पोटीही चालतं. त्या रात्रीपासून माझा कल तिकडे आहे.

पावसाळ्यात तर तो कल पक्का होतो. जूननंतर ठाणे-नवी मुंबईत डेंग्यू असतोच, आणि पहिल्या दिवशीचा ताप घशाचा की डेंग्यूचा हे घरी ओळखता येत नाही. डेंग्यूत आयब्युप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. ॲस्पिरिन तर मुलांना घरच्या घरी कधीच देऊ नये.

पॅरासिटामॉल निर्धोक आहे असं मात्र समजू नका. डोस चुकला तर यकृतावर बेततं. गोंधळ बाटल्यांचा होतो: एकीत 5 मिलीत 120 मिलिग्रॅम, दुसरीत 250, आणि लहान बाळांच्या थेंबांत 1 मिलीतच 100. डोस वजनावर ठरतो, दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. माझी मुलगी 18 किलोची. एकदा तिला धाकट्याच्या 120च्या बाटलीतून 5 मिली दिलं, म्हणजे किलोमागे सातही नाही, आणि औषध लागू पडत नाही म्हणून तासभर काळजी करत बसलो. उलटं झालं असतं, 250चं 5 मिली 10 किलोच्या धाकट्याला गेलं असतं, तर किलोमागे 25 झाले असते. तेव्हापासून बाटलीवर स्केचपेनने नाव लिहितो, सुईविना सिरिंजने मोजतो आणि दिल्याची वेळ कालनिर्णयवर टाकतो, म्हणजे आजी पुन्हा देत नाहीत. चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही.

'प्लस' लिहिलेल्या बाटलीत बऱ्याचदा दोन्ही औषधं एकत्र असतात, सर्दीच्या सिरपमध्येही पॅरासिटामॉल दडलेलं असू शकतं. लेबल वाचल्याशिवाय जोडीला काही देऊ नका. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असा इशारा लेबलवर छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी 2023 साली सांगितलं आहे. चघळायच्या गोळ्या लहानग्यांच्या घशात अडकू शकतात. मध वर्षाच्या आत नाही.

थंडीच्या दिवसांत, मूल नीट खातंपितं असेल, वय सहा महिन्यांच्या पुढे असेल आणि डॉक्टरांनी आधी डोस ठरवून दिला असेल, तर आयब्युप्रोफेन निवडणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. पण मूल लाळही गिळू शकत नसेल, तोंड उघडत नसेल, श्वासाला आवाज येत असेल किंवा मान ताठली असेल, तर दोन्ही बाटल्या बाजूला ठेवून रात्रीच रुग्णालय गाठा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, तरीही तसंच.