चहाच्या जुन्या इनॅमल पाट्या: जळगाव-भुसावळकडे मिळणारा माल कसा आहे

जळगाव, भुसावळ, धुळे इथल्या भंगारवाल्यांकडे आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांत चहा, ओट्स, बाम, ग्राइप वॉटर यांच्या जुन्या जाहिरात-पाट्यांना सध्या चांगला उठाव आहे. चहाचं नवं हॉटेल टाकणारे तर त्या हमखास शोधतात. माल तीन प्रकारचा येतो: अस्सल जुनी इनॅमल पाटी (म्हणजे लोखंडी पत्र्यावर रंगीत काच भाजून चढवलेली), नव्याने भट्टीत भाजलेली इनॅमल पाटी आणि छापील पत्रा. हा तिसरा प्रकार 'आजोबांच्या काळातला' म्हणून सर्रास गळ्यात मारतात.

चित्र बघायच्या आधी पाटी उलटी करा. खऱ्या इनॅमलला मागूनही काळपट किंवा गडद निळा काचेचा थर असतो. एकाच बाजूला काच चढवली तर भट्टीत पत्रा वाकतो, म्हणून दोन्ही बाजूंना देतात. मागे नुसता पत्रा किंवा स्प्रेचा रंग दिसला की तो छापील माल. मग हातात तोलून बघा. 18 गेजची (गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचं माप) दोन बाय तीन फुटांची पाटी पाच किलोच्या आसपास भरते, तेवढाच छापील पत्रा दीड किलोही भरत नाही. लोहचुंबक मात्र दोन्हींना चिकटतं, त्यामुळे ती परीक्षा उपयोगाची नाही.

आता अक्षराच्या कडेवरून नख फिरवा. इनॅमलमध्ये जवळजवळ प्रत्येक रंग वेगळा चढवून 800 ते 850 अंशांवर वेगळा भाजतात, त्यामुळे पांढऱ्यावरचा लाल किंचित उंच लागतो. छापील पत्रा सपाट असतो आणि भिंगाखाली बारीक ठिपके दिसतात. टवकेही बोलतात. अस्सल पाटीचे टवके स्क्रूच्या भोकांभोवती आणि कोपऱ्यांवर उडालेले असतात, कारण ताण तिथेच येतो. मधोमध, चहाचा कप वाचवून, बेताने पसरलेला गंज ॲसिड लावून आणलेला समजा.

खाली स्थानिक एजंटाचा पत्ता असेल तर तो सावकाश वाचा. खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे 1906 साली झाले आणि महाराष्ट्र झाल्यावर त्यांना जळगाव आणि धुळे ही नावं मिळाली. म्हणजे 'पूर्व खानदेश' लिहिलेली पाटी साधारण या मधल्या काळातली. 'जि. नंदुरबार' असेल तर ती 1998 नंतरची, विक्रेता काहीही सांगो. पिनकोड 1972 मध्ये आला, नये पैसे 1957 मध्ये. किंमत आण्यात आणि वजन ग्रॅममध्ये असलेली पाटी घेऊच नये. जुन्या मजकुरात 'घरोघरीं', 'सकाळीं' असे अनुस्वारही सापडतात, नकला करणारे ते बहुधा विसरतात.

चहाच्या पाट्यांचा मजकूर तपासण्यासारखा असतो. 1903 च्या चहा-उपकराच्या, म्हणजे चहावर बसवलेल्या खास कराच्या, पैशातून पुढे देशभर चहाचा प्रचार झाला. त्यात कृतीही शिकवत: ताजं पाणी खळखळून उकळा, कपामागे चमचाभर पत्ती किटलीत टाका, त्यावर ते पाणी ओता, पाच मिनिटं झाकून ठेवा, दूध-साखर नंतर घाला. मसाला घालून पत्ती कमी टाकणं मळेवाल्यांना खपत नसे. तेव्हा 'आलं-वेलची घालून उकळा' सांगणारी 'जुनी' पाटी हमखास आजची.

बाम, काढा, चूर्ण यांच्या पाट्या घेताना दावा बघा. मधुमेह बरा करण्याची जाहिरात 1954 च्या कायद्याने बंद आहे. संग्रहात ठेवायला हरकत नाही, औषधाच्या दुकानाबाहेर मात्र लावू नये.

आमचं मत विचाराल तर हॉटेलच्या दर्शनी भागासाठी नवी भाजलेली इनॅमल पाटी सगळ्यांत चांगली, फक्त ती नवी म्हणून आणि नव्याच्या भावात घ्यावी. खानदेशातल्या उन्हात छापील पत्र्याचा लाल रंग लवकर विटतो, भाजलेली काच टिकते. अस्सल जुनी पाटी टवके उडालेली असली तरी घ्यावी, पण आत सावलीत लावावी. पोचा मागून ठोकून काढू नका, पुढची काच निखळते. धुवायला साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरतं. लिंबू, चिंच, तारेची घासणी चालत नाही. उघड्या गंजावर मेणाचा पातळ हात द्या. लावताना मागे लाकडी पट्टी घ्या, पितळी स्क्रूखाली रबरी वॉशर टाका आणि स्क्रू हाताला थोडा सैल ठेवा. करकचून पिळला तर भोकाभोवतीची काच तडकते आणि गंज तिथूनच आत शिरतो.